मराठीतून पीएचडीचा थिसिस टाइप आणि बाइंड करून घ्यायचाय? भांडी बाजारातल्या काकांच्या डीटीपीचा माझा अनुभव

आधीच सांगते, हे मोठं होणार आहे. मला गेल्या वर्षी कोणी असं सविस्तर सांगितलं असतं तर माझे दोन महिने आणि साडेसात हजार रुपये वाचले असते, म्हणून सगळं लिहून ठेवतेय.

दुकान नाशिकच्या रविवार कारंजावरून चालत पाच मिनिटांवर, भांडी बाजाराच्या बाजूला, एका जुन्या वाड्याच्या पहिल्या मजल्यावर आहे. जिना अंधारा आहे, मोबाईलचा टॉर्च लावूनच चढा. दुकानाचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये कारण काकांनी स्पष्ट सांगितलंय की नाव टाकू नको, आहे तेच काम आवरत नाही. खाली कोणालाही "थिसिसवाले काका" विचारा, लगेच वर बोट दाखवतील. काकांचं वय सत्तरीच्या पुढे, मदतीला त्यांची सून, दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर, आणि बाइंडिंग मागच्या खोलीत ते स्वतः करतात. लग्नपत्रिका वगैरे घेत नाहीत आता, फक्त पुस्तकं आणि थिसिस.

माझं काम जरा वेगळं होतं ते आधी सांगते म्हणजे पुढचं कळेल. मी नाशिकलाच बीएस्सी फिजिक्स केलं, मग पुण्याला एमए फिलॉसॉफी, आणि पीएचडी विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान या विषयात. थिसिस मराठीतून लिहायचं ठरवलं कारण माझी जवळजवळ सगळी साधनं मराठी आहेत. विषय आहे एकोणिसाव्या शतकातला आपल्याकडचा पंचांगवाद. पंचांग म्हटलं की लोकांना मुहूर्त आणि राशिभविष्य आठवतं, पण वादाचा मुद्दा वेगळाच होता, ग्रह आकाशात जिथे दिसतोय आणि पंचांगात जिथे लिहिलाय त्या दोन जागा जुळत नाहीत, तर चूक कुठे धरायची आणि दुरुस्त कोणी करायची. आपल्याकडे पंचांगाचं गणित मुख्यतः गणेश दैवज्ञांच्या ग्रहलाघवावरून व्हायचं, तो ग्रंथ १५२०चा, आणि इतका सोयीचा की ज्या-चापाच्या, म्हणजे आजच्या साइन-कोष्टकांच्या, भानगडीत न पडता ग्रह काढता येतात, पण साडेतीनशे वर्षांत फरक साचत गेला. केरो लक्ष्मण छत्र्यांनी १८६० साली 'ग्रहसाधनाची कोष्टके' छापली, युरोपातल्या कोष्टकांच्या आधारावर, आणि १८६५पासून त्यांच्या गणिताचं पटवर्धनी पंचांग निघायला लागलं. तिथून पुढे भांडण पेटलं की राशिचक्र मोजायला सुरुवात कुठून करायची, छत्र्यांनी रेवतीतली झीटा पीशियम ही तारा धरली, दुसरे म्हणाले ती नाही, सायनवाले म्हणाले तारा सोडा आणि संपातच धरा, म्हणजे वसंतात दिवस-रात्र सारखे होतात तेव्हा सूर्य जिथे असतो तो बिंदू. छत्र्यांचे विद्यार्थी टिळकसुद्धा पुढे या वादात उतरले.

नातेवाईक विचारतात की याचा उपयोग काय, तर मी त्यांना सिंहस्थाचंच उदाहरण देते. गुरू सिंहेत आला की आपल्याकडे सिंहस्थ, बरोबर ना. पण सिंह रास सुरू कुठे होते हे ठरतं राशिचक्राच्या सुरुवातीवरून, आणि रेवतीची ती तारा धरली की आज बहुतेक पंचांगं जी चित्रेवरून सुरुवात धरतात तिच्यापेक्षा साधारण ४ अंशांचा फरक पडतो. गुरू सरासरी रोज ५ कला सरकतो, ६० कलांचा एक अंश. ४ अंश म्हणजे २४० कला, भागा पाचाने, ४८ दिवस आले. म्हणजे त्या गणितानं गुरू दीड महिना आधीच सिंहेत. नाशिकच्या माणसाला एवढं सांगितलं की तो पुढचं स्वतःहून विचारतो.

तर असा थिसिस. ४१२ पानं, ३८ तक्ते, सगळे अंश-कला-विकलांचे, मधे संस्कृत श्लोक, आणि एकोणिसाव्या शतकातल्या मराठीचे लांब लांब उतारे.

पहिल्यांदा मी हे काम दुसरीकडे दिलं होतं. चकाचक दुकान, एसी, व्हॉट्सअपवर फाईल पाठवा, दहा दिवसांत करून देतो म्हणाले, साडेसात हजार ॲडव्हान्स घेतला. माझी अर्धी फाईल श्रीलिपी या जुन्या फॉन्टमध्ये होती आणि अर्धी युनिकोडमध्ये, त्यांनी कन्व्हर्टरमधून सरळ काढली आणि न वाचता प्रिंट दिली. सूर्यचा रफार उडून सगळीकडे "सूय". ज्योतिषाच्या थिसिसमध्ये सूर्य किती वेळा येतो विचार करा. पण ते तरी दिसणारं होतं, दिसलं की दुरुस्त करता येतं. खरी भीती वाटली ती पुढच्या गोष्टीनं. टाइप करणाऱ्या मुलानं जुन्या उताऱ्यांमधलं शुद्धलेखन सुधारून टाकलं होतं. "नाहीं"चं नाही, "कोष्टकें"चं कोष्टके, "त्यांत"चं त्यात. ते न उच्चारले जाणारे अनुस्वार १९६२च्या नियमांनी गेले, त्याआधीच्या छपाईत ते असणारच, आणि असायलाच हवेत. मुलाचा हेतू चांगला होता, त्याला वाटलं माझ्या चुका आहेत. पण इतिहासाच्या अभ्यासात उतारा म्हणजे पुरावा असतो हो, त्याला हात लावायचा नसतो. एका तारीख नसलेल्या कात्रणाचा काळ मी इतर गोष्टींबरोबर त्यातल्या लेखनाच्या सवयींवरूनही ठरवला होता, आणि इथे तीच खूण पुसून टाकलेली. ९० पानं तपासली आणि फाईल परत मागून घेतली, ॲडव्हान्स काही मिळाला नाही.

मग वाचनालयात ओळखीच्या एका बाईंनी काकांचं सांगितलं.

काकांनी पहिल्या दिवशी काय केलं, तर कॉम्प्युटर चालूच केला नाही. माझी प्रिंट घेतली, चष्म्यावर चष्मा लावल्यासारखं भिंग लावलं आणि तासभर वाचत बसले, मला चहा दिला आणि गप्प बसवलं. मग विचारलं, "मॅडम, हे अनुस्वार ठेवायचे ना जसेच्या तसे?" मला इतकं बरं वाटलं ना की काय सांगू. ते सोळाव्या वर्षापासून छापखान्यात खिळे, म्हणजे धातूची सुटी अक्षरं, जुळवायचे, कंपोझिटर होते, हातात स्टिक आणि समोर खिळ्यांची केस, आणि त्यात कितीतरी वर्षं पंचांगाचे तक्ते जुळवलेले. तक्त्याचं काम किचकट म्हणून त्याला मजुरी जास्त असायची आणि ते सगळ्यांना द्यायचे नाहीत. (माझे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमधून रिटायर झालेत, ते एकदा माझ्याबरोबर आले तर दोघं शाई आणि कागदावर दोन तास बोलत बसले, माझं काम त्या दिवशी राहिलंच.)

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी मी हे लिहायला घेतलं.

तिसऱ्या आठवड्यात काकांचा फोन, "ताई, येऊन जा, एक आकडा अडलाय." गेले. चौथ्या प्रकरणातला तक्ता होता, एका जुन्या छापील पंचांगातून मी स्वतः उतरवून घेतलेला, रवी रोज कुठे आहे त्याचा. काकांनी बोट ठेवलं. "हे त्र्याहत्तर कला काय आहे? साठ कलांचा अंश. त्र्याहत्तर झाल्या तर अंश एकानं वाढायला नको?"

मी त्या तक्त्यावर चार वर्षं काम करत होते. गाईडनी तो पाहिला होता, कमिटीनं दोनदा पाहिला होता, कोणालाच दिसलं नाही. मूळ पानाची झेरॉक्स माझ्याकडे होती ती काढली, काकांनी भिंगाखाली धरली आणि म्हणाले, हा तेरा आहे. खिळा झिजला की एक आणि सात यांत फरक उरत नाही, आम्ही सुद्धा फसायचो, म्हणून आकड्यांचे खिळे आधी बदलायचे असतात, पण मालक पैसे वाचवायचे.

मग मी घरी येऊन सगळे ३८ तक्ते पुन्हा काढले. एक साधी पद्धत आहे, कोणीही करू शकतं: शेजारच्या दोन दिवसांच्या आकड्यांची वजाबाकी करत जायचं. रवी दिवसाला ५७ ते ६१ कला सरकतो, आणि हा वेग वर्षभरात हळूहळू बदलतो, त्यामुळे वजाबाक्या ५९, ५९, ५९ अशा येत असताना मधेच ४९ आणि पुढे ६९ आली की समजायचं मधला आकडा चुकलाय. तीन आठवडे फक्त हेच केलं. आणखी ११ चुका सापडल्या. ४ माझ्या होत्या, उतरवून घेतानाच्या. ७ मूळ छपाईतल्या.

या ७ चुकांनी माझं पाचवं प्रकरण बदललं, हे मी अगदी खरं सांगतेय. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानात पिएर द्यूएमचा एक जुना मुद्दा आहे, १९०६ सालचा, की अंदाज चुकला तर चूक नेमकी कोणत्या गृहीतकाची ते प्रयोग सांगत नाही, सिद्धांत, उपकरण, आकडेमोड, सगळं गाठोडं एकत्रच परीक्षेला बसलेलं असतं. हे मी एमएपासून वाचत आलेय, पेपरात लिहून मार्क मिळवलेत. पण ग्रहण सांगितल्या वेळेला लागलं नाही तर दोष ग्रहलाघवाचा, कोष्टकांचा, गणित करणाऱ्या जोश्यांचा का झिजलेल्या खिळ्याचा, ही यादी माझ्या डोक्यात कधी खिळ्यापर्यंत पोचलीच नव्हती. दृक्प्रत्यय, म्हणजे गणित आकाशाशी जुळतंय का ते बघणं, हा शब्द त्या वादात सारखा येतो, आणि त्या दृक्प्रत्ययाच्या वाटेत एक छापखाना उभा होता हे मला भांडी बाजारातल्या या खोलीत कळलं. गाईडना सांगितलं तर ते म्हणाले थांब, सबमिशन पुढे ढकलू पण हे घाल. १४ पानं नवीन लिहिली. व्हायवाला एक्स्टर्नलनी सगळ्यात जास्त प्रश्न याच १४ पानांवर विचारले. ऋणनिर्देशात काकांचं नाव घातलंय, आणि तक्त्याखालच्या तळटीपेतही घातलंय, कारण तो तर्क त्यांचा आहे.

दुकानात बसल्या बसल्या एकदा एक टीवायबीएस्सीची मुलगी भेटली, प्रोजेक्टची स्पायरल करायला आलेली. माझी पानं बघून तिनं विचारलं, असं पण शिकता येतं का. तिला जे सांगितलं ते इथेही सांगते, कारण नाशिकमध्ये कोणी सांगत नाही.

शिकता येतं. पण आपल्याकडे विज्ञानाचा इतिहास आणि तत्त्वज्ञान या नावाचा वेगळा विभाग सहसा नसतो, त्यामुळे कोणत्या तरी दुसऱ्या दारानं आत जावं लागतं. मी फिलॉसॉफीतून गेले, काही जण हिस्टरीतून जातात, आयआयटींच्या ह्युमॅनिटीज विभागांतून पीएचडी करतात, दिल्लीत जेएनयूला सायन्स पॉलिसीचं सेंटर आहे, बंगळुरूला एनआयएएस (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ ॲडव्हान्स्ड स्टडीज) आहे, आणि शिकवण्याच्या अंगानं बघायचं तर मुंबईला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र. संस्कृत येत असेल आणि गणितात गती असेल तर आयआयटी मुंबईला संस्कृतमधल्या विज्ञान-तंत्रज्ञानावर काम करणारा खास गट आहे. बाहेर जायचं तर केंब्रिज, लीड्स, पिट्सबर्ग, टोरांटो, इंडियाना, इथे या विषयाचे स्वतंत्र विभाग किंवा केंद्रं आहेत, इंडियानाचा विभाग १९६०चा. वाचायला सुरुवात करायची तर इंडियन जर्नल ऑफ हिस्टरी ऑफ सायन्सचे जुने अंक, ते १९६६पासून निघतंय. फिजिक्स सोडलं म्हणून वाईट वाटून घेऊ नकोस असंही तिला सांगितलं, विज्ञानाच्या इतिहासातलं मोठं नाव असलेल्या थॉमस कुनची पीएचडी फिजिक्सचीच होती, हार्वर्डची, १९४९. आणि फिजिक्स सुटत नाहीच, माझं खगोलाचं गणित बीएस्सीपेक्षा आता जास्त पक्कं आहे.

पैशाचंही स्पष्ट सांगितलं. नेट परीक्षेत हा विषय वेगळा नाही, फिलॉसॉफी किंवा हिस्टरी घेऊनच बसावं लागतं. त्यातून जेआरएफ ही फेलोशिप मिळाली तर महिना चालतो, मी लागले तेव्हा ३१ हजार होते, जानेवारी २०२३पासून ३७ हजार, आणि दोन वर्षांनी तिचीच वरची पायरी, एसआरएफ, झाल्यावर ४२ हजार. पण फेलोशिप पाच वर्षांची, आणि थिसिस छापायचा खर्च येतो सहाव्या वर्षी. नंतरची नोकरी हा अवघड भाग आहे. जाहिरात फिलॉसॉफीची निघते तेव्हा मुलाखतीत विचारतात की तुमचं काम तर ज्योतिषाच्या इतिहासाचं, हिस्टरीची निघते तेव्हा म्हणतात तुमची एमए हिस्टरीत नाही. मी सध्या सीएचबीवर शिकवते, तासाप्रमाणे पैसे, उन्हाळ्यात काहीच नाही. हे तिला लपवलं नाही. तरी तू ये असंच म्हटलं, कारण या कामाला माणसं हवी आहेत आणि मराठी, मोडी, संस्कृत वाचू शकणारी आणि गणिताला न घाबरणारी माणसं पुण्या-मुंबईबाहेर हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. शंकर बाळकृष्ण दीक्षितांनी 'भारतीय ज्योतिषशास्त्र' लिहिलं, १८९६ साली, मराठीत, आणि आजही भारतीय खगोलाच्या इतिहासावर काम करणाऱ्याला ते टाळता येत नाही. शिक्षकी करणारा माणूस, ना विभाग ना फेलोशिप, दोन वर्षांत गेलेसुद्धा. मला दर वेळी वाटतं की त्यांना पगारी वेळ मिळाला असता तर अजून काय झालं असतं. आणि अभ्यासाला पैसा लागतो हे आपल्याकडे कोणाला सुचलं नव्हतं असंही नाही, चाळीसगावजवळ पाटणला १२०७चा शिलालेख आहे, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव यानं आजोबांचे ग्रंथ शिकवायला मठ काढला आणि त्याला कोणी काय काय दान द्यायचं ते दगडात कोरून ठेवलंय. नाशिकहून सकाळी निघालं तर संध्याकाळी परत येता येतं, पाटणादेवीला लोक जातातच, जाऊन बघ म्हटलं. ती गेली, फोटो पाठवला मला.

आता दुकानाच्या उणिवा, त्याही आहेत. काका हळू आहेत, खूप हळू. मला पाच महिने लागले. त्यात तक्त्यांच्या फेरतपासणीचा वेळ माझा होता, पण तरी दहा दिवसांत हवंय अशांनी जाऊ नका. फोन उचलत नाहीत, सूनबाई दुपारी दोननंतर येतात तेव्हाच उचलला जातो. ईमेल नाही, पेनड्राईव्हच न्या. रोमन लिपीत संस्कृत लिहिताना अक्षरांवर ज्या आडव्या रेघा आणि खाली टिंबं लागतात ते त्यांना येत नव्हतं, संदर्भांच्या यादीची ती सगळी पानं मी घरी बसून केली. प्लॅगरिझम रिपोर्टचं काम ते करत नाहीत, ते युनिव्हर्सिटीतच करा. आणि सहा कॉप्यांपैकी एका कॉपीत सोळा पानं उलटी लागली होती, ती त्यांनी लगेच उसवून पुन्हा बांधली, पैसे घेतले नाहीत, पण बांधून झाल्यावर प्रत्येक कॉपी पहिल्या पानापासून शेवटपर्यंत चाळूनच घ्या.

बाइंडिंग मात्र उत्तम. काळं रेक्झिन, सोनेरी अक्षरं, कण्यावर नाव सरळ रेषेत, आणि जाड थिसिस असूनही सपाट उघडतो, आतल्या बाजूची अक्षरं शिवणीत जात नाहीत. डाव्या मार्जिनला त्यांनी स्वतःहून अर्धा इंच वाढवला होता.

दर: टायपिंग पानाला ४० रुपये, तक्ता १५० वेगळा, प्रिंट पानाला २ रुपये, हार्ड बाइंडिंग कॉपीला ३८०. माझे ४१२ पानं, ३८ तक्ते, ६ कॉप्या मिळून २९,४०४ झाले, २९ हजार घेतले. जीपे चालतं पण ते सूनबाईंच्या फोनवर, म्हणून तेही दोननंतर. मी पाचपैकी साडेचार देईन, अर्धा वेळेसाठी कापला.

तक्ते असतील तर मूळ पानांची झेरॉक्स सोबत न्या. काका मागतातच.